सदर मोबाईल माझ्या मालकीचा असून

१२ जानेवारी, रविवार

जुना फोन एका साइटवर विकायला टाकला. शाळेचं हजेरीचं ॲप त्यावर चालेना, म्हणून नवा घ्यावा लागला. दिलीप म्हणाला, राहू दे कपाटात, कधीतरी लागेल. नवऱ्याच्या कपाटात आधीच तीन मेलेले फोन आहेत. तन्वीने फोटो काढून दिले, पुढून, मागून, कोपऱ्यावरच्या ओरखड्यासकट. ओरखडा दाखवच म्हटलं, नंतर कटकट नको.

अर्ध्या तासात पहिला फोन. हिंदीत. मिलिटरीत आहे, बदली झालीय, फोन बघायचीही गरज नाही, पैसे आत्ता पाठवतो, फक्त मी पाठवतो तो कोड स्कॅन करा. मी म्हटलं, भैया, कोड पैसे द्यायला स्कॅन करतात, घ्यायला नाही. शिवी देऊन ठेवला. लेक हसून लोळली. ‘आई, तू ना डेंजर आहेस.’

चाळीच्या फळ्यावर ‘ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका’ ही सूचना माझीच. माझ्या अक्षरात. कुणी पुसत नाही.

१५ जानेवारी, बुध

आज चार फोन. दोघांना अर्ध्या भावात हवा. एकाला कुरिअरने हवा, पैसे नंतर. चौथा अमोल. उचलल्या उचलल्या ‘जय भीम ताई’. बरं वाटलं. मग लक्षात आलं, व्हॉट्सॲपवर माझ्या फोटोमागे निळा झेंडा आहे, तो बघून म्हणाला असेल. तरी बरं वाटलंच. घासाघीस केली नाही. बहिणीला हवाय म्हणाला, ती गावाला शिकवण्या घेते.

शनिवारी दुपारी भेटायचं. घरी बोलावलं नाही. लोअर परळला पुलाखालच्या ज्यूसवाल्याकडे, गर्दीत.

१८ जानेवारी, शनि

विकला.

सगळं नीट केलं. अकाउंट काढलं, सगळं पुसलं, सिम काढलं, कार्ड काढलं. तन्वीला बरोबर नेलं. अमोल तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी. फोन उलटसुलट बघितला, कॅमेरा बघितला. पैसे पाठवले आणि त्याचा स्क्रीन माझ्यापुढे धरला, ‘बघा ताई, गेले.’ मी म्हटलं, तुमचा नको, माझ्या बँकेत दिसू देत. दिसले, मगच फोन हातात दिला. तो हसला. ‘असंच पाहिजे ताई. लोक फसतात.’

मग म्हणाला, बिल आहे का? नाही. हरवलं. ‘मग एक करा ना. आधारची झेरॉक्स द्या आणि त्यावरच दोन ओळी लिहून द्या, फोन तुमचाच आहे म्हणून. उद्या कोणी विचारलं चोरीचा आहे का, तर आमच्याकडे काहीतरी हवं.’ पटलं. मीच त्याच्या जागी असते तर हेच मागितलं असतं. पलीकडे झेरॉक्सचं दुकान. तिथल्याच काउंटरवर उभ्याने लिहिलं: सदर मोबाईल माझ्या स्वतःच्या मालकीचा असून मी तो राजीखुशीने विकत आहे. सही.

घेणाऱ्याचं नाव काय घालू विचारलं. ‘राहू दे ताई, बहिणीच्या नावावर करायचंय, मी घालतो.’ जाताना म्हणाला, ‘अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं.’

तन्वीला वाटेत फालुदा.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको.

दुपारी जेवणं चालू होती. दारात एक माणूस. पन्नाशीचा, पायजमा, हातात प्लास्टिकची पिशवी. ‘मनीषा गायकवाड इथंच ऱ्हातात?’ मी म्हटलं, मीच. त्याने पिशवीतून कागद काढला, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओरडायलाच लागला. ‘फोन कुठंय माझा? फोन द्या न्हाईतर पैसं द्या!’

कागद माझ्या आधारचा. खाली माझं अक्षर. माझी सही.

सखाराम मोरे. गवंडी. कर्जतच्या पुढे कुठल्याशा गावचा. मुलीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून तिच्यासाठी जुना फोन बघत होता. जाहिरात सापडली. विकणारी बाई, नाव मनीषा गायकवाड, शाळेत शिक्षिका, राहणार डिलाईल रोड. आधी बुकिंगचे पैसे मागितले, मग उरलेले, मग कुरिअरचे. याला शंका आली तेव्हा तिने हा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला, याने त्याची प्रिंट काढली. हे बघा माझं आधार, हे बघा माझ्या हातचं. मग नंबर बंद.

दिलीपने त्याला आत घेतलं. दार लावलं. पण गॅलरीभर माणसं जमली होती तोवर.

मी पाणी दिलं. घेतलं नाही. सगळं सांगितलं, अमोल, ज्यूसवाला, झेरॉक्स. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, ‘आवाज तुमचा न्हाई. ती बाई येगळी बोलत हुती.’ मला हायसं वाटतंय तोच, ‘पर आवाजाचं काय, माणूस बदलतो आवाज.’

तिकडच्या पोलिसांत माझ्या नावाने तक्रार देऊनच तो आला होता.

जाताना जिन्यात एकदा वळून खोलीचा नंबर कागदाशी ताडून पाहिला.

नंतर शेजारच्या रेडकर काकी. ‘गो मनीषा, तो कोण इल्लो बोंबलत? त्याचा काय घेतलंस?’ फसवला गेलाय बिचारा, म्हटलं. ‘पण तुझ्या दारात कसो इलो?’

१० फेब्रुवारी, सोम

अर्धी रजा टाकून पो. स्टे.ला. दीड तास बाकावर. मग साहेब. ‘तुमचे पैसे गेले?’ नाही. ‘फोन गेला?’ विकला. ‘पैसे मिळाले?’ मिळाले. ‘मग तक्रार कशाची?’

माझं नाव वापरून लोकांना फसवतायत, म्हटलं. मोऱ्यांच्या कागदाचा दिलीपने काढलेला फोटो दाखवला. त्याने वाचला. ‘तुम्हीच लिहिलाय ना? सही तुमची ना?’ हो. ‘तारीख नाही. घेणाऱ्याचं नाव नाही. फोनचा नंबर नाही.’ मला म्हणाला, ‘बाई, तुम्ही टीचर ना?’

शेवटी साधा अर्ज घेतला. मागे लागून लागून पोचेचा शिक्का. अमोलचा नंबर दिला. पैसे ज्या खात्यातून आले तेही दिलं. बघतो म्हणाले. दारातल्या कॉन्स्टेबलबाई बऱ्या होत्या. म्हणाल्या, झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं लिहायचं, कुणाला दिली, कशासाठी, कधी. मजकुराच्या अंगावरून. म्हणजे दुसरीकडे चालत नाही. आणि आधारचे पहिले आठ आकडे झाकलेलं मिळतं, ते वापरायचं.

झाकलेला आकडा घेऊन मी काय करू? मोरे आकड्यावरून नाही आले. पत्त्यावरून आले.

१२ फेब्रुवारी, बुध

दिलीप दोन दिवस बोलत नव्हता. आज बोलला. ‘सगळ्या चाळीला शिकवत फिरतेस.’ एवढंच. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

तो चुकीचं बोलला नाही, त्याचाच राग येतोय.

त्या मिलिटरीवाल्याला मी हसले. त्याला ओळखलं कारण तो चोरासारखा बोलला. हा माझ्या भावासारखा बोलला. मी ज्या ज्या गोष्टीला नाही म्हणाले, त्या प्रत्येक गोष्टीला तो ‘बरोबर आहे ताई’ म्हणाला, आणि मग ज्याला हो म्हणणं रास्त वाटेल तेच मागितलं.

आज विहारातल्या एका बाईचा फोन आला, नंबर सेव्ह नव्हता. ‘जय भीम.’ मी उत्तर द्यायला थांबले. कोण बोलतंय, आधी विचारलं. तिला लागलं असणार. हे कुठल्या पो. स्टे.ला लिहून द्यायचं?

१६ फेब्रुवारी, रविवार

अजून एक. नवराबायको, डोंबिवलीहून. आरडाओरडा नाही. बाई गॅलरीत उभी राहून नुसती रडली. नवरा म्हणाला, आम्हाला पैसे नकोत, फक्त हे का केलंत ते सांगा. अर्जाची पोच दाखवली. त्याने मोबाईलवर त्या पोचेचाही फोटो काढून घेतला.

रेडकर काकींनी दार लावून घेतलं. एरवी दुपारभर उघडं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळ

तिसऱ्या तासाला मु. अ. बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. समोर मोबाईल सरकवला. पालकांच्या ग्रुपवर माझं आधार, त्यावर लाल अक्षरांत ‘या बाईपासून सावधान’. खाली हात जोडल्याची चित्रं. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

सांगितलं. पोच दाखवली. मु. अ. म्हणाल्या, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे हो मनीषाबाई.’ मग, ‘पण वार्षिक परीक्षेचं काम या वेळी दुसऱ्या कुणाकडे देऊ. निवळू दे जरा.’

अठरा वर्षं त्या पेपरांची पाकिटं माझ्या सहीने सील होतात.

पाचवीच्या वर्गात गेले. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघून पटकन वहीत बघायला लागली. दहा वर्षांची पोर. तिला घरी काय सांगितलं असेल.

असले ‘सावधान’चे फोटो मीही पुढे पाठवलेत. एका बाईचा तर परवा परवा, दिवाळीच्या आसपास. केसांत गजरा होता तिच्या. चेहरा बघून म्हटलंही होतं, दिसते कशी साधी. कोण होती ती? तिने कुणाला झेरॉक्स दिली होती?

२२ फेब्रुवारी, शनि

सापडली. ती जाहिरात, तन्वीने शोधली. त्याच साइटवर, नंबर बदलून, पण फोटो आमचेच. आमच्या खिडकीतली फरशी, कोपऱ्यावरचा ओरखडा. दुकान अजून चालूच आहे.

तन्वीच्या अकाउंटवरून मेसेज टाकला, फोन हवाय. लगेच उत्तर. मी लिहिलं, ताई, आजकाल खूप फसवतात, भीती वाटते. दोन मिनिटांत माझा चेहरा आला. माझं आधार. माझं अक्षर. ‘विश्वास ठेवा, मी शिक्षिका आहे.’

तन्वी म्हणाली, आई, आता थांब, स्क्रीनशॉट घेते, पोलिसांना देऊ. मी ऐकलं नाही. फोन लावला.

बाईचा आवाज. तरणी, पण पोक्त बोलणारी. स्वच्छ मराठी. माझ्यापेक्षा स्वच्छ. ‘नमस्कार, मनीषा गायकवाड बोलतेय.’

विचारलं, कुठल्या शाळेत असता? ‘परळला. पाचवीला.’ अमोलला मीच सांगितलं होतं, ज्यूस घेताना. मुलं काय म्हणतात तुमची? ‘मुलं काय हो, गोड असतात.’ हसली. खरंच शिक्षिकेसारखी हसली.

मग म्हटलं, मी मनीषा बोलतेय. डिलाईल रोडवरून.

मला वाटलं कट केला. नव्हता केला. श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, माझ्या दारात लोक येतात. एक गवंडी आला. एक बाई रडून गेली. शाळेत मला परीक्षेवरून काढलंय. तुला काय मिळतं ते मिळव, माझा कागद सोड.

‘तुमचा कागद मी चोरला नाही, बाई,’ ती म्हणाली. चढ्या आवाजात नाही. समजावल्यासारखं. ‘तुम्ही लिहून दिलात. नाव न घालता, तारीख न घालता. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने द्यावा का असा कागद?’

मग कट केला.

पोलिसांत साहेब हेच म्हणाले होते. दिलीपही. आता तीही. तिघांचं एकमत.

२४ फेब्रुवारी, सोम

पो. स्टे.ला स्क्रीनशॉट घेऊन गेले. नंबर बंद. जाहिरात गेलेली. साहेब चिडले, आणि या वेळी कारण होतं. ‘बोललात कशाला? गप्प राहून नंबर चालू असताना इकडे यायचं. तुम्ही त्यांना सावध केलंत.’

तन्वी शेजारी उभी होती. तिने थांबवलं होतं हे तिने सांगितलं नाही. बाहेर आल्यावरही नाही.

अमोलच्या खात्याचं काय विचारलं. ते खातं कुठल्याशा म्हाताऱ्याचं निघालं, परराज्यातला, त्याला माहीतच नाही त्याच्या नावावर खातं आहे. म्हणजे आणखी एक झेरॉक्स. आणखी एक मी.

१ मार्च, शनि

जयंतीच्या कमिटीची मीटिंग. दर वर्षी पत्रिकेचा मजकूर मी लिहिते. कुणी नको म्हटलं नाही. मी गेले तेव्हा मजकूर लिहून झालेला होता. ‘तुमचं टेन्शन चाललंय म्हणून म्हटलं त्रास नको, ताई.’ सगळे प्रेमाने बोलत होते. चहा सगळ्यांत आधी माझ्यापुढे आणला. पाहुण्यापुढे आणतात तसा.

पत्रिकेत ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका होत्या. बोलले नाही.

३ मार्च, सोम

नोटीस आली. मोऱ्यांच्या तालुक्याच्या पो. स्टे.ची. ‘चौकशीकामी समक्ष हजर राहावे’, पुढच्या सोमवारी, अकरा वाजता. साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, लिहिलेलं नाही. दिलीपने नोटीस दोनदा वाचली, दिव्याखाली धरून वाचली. मग म्हणाला, ‘मी येतो.’ या सगळ्यात पहिल्यांदा. मला रडू आलं, मग त्याचाच राग आला, की एवढ्याशाने रडू का येतंय.

ओळखीच्या वकिलाला विचारलं. म्हणाला, तो मोरे जर लिहून देईल ना, की फोनवरची बाई ही नव्हे, आवाज वेगळा होता, तर पुष्कळ सोपं होईल.

५ मार्च, बुध

मोऱ्यांना फोन केला. नंबर त्यांनीच त्या दिवशी दिलीपला दिला होता. शांत होते. मुलीचं विचारलं. कॉलेज सुरू झालंय, मैत्रिणीच्या फोनवर नोट्स बघते म्हणाले.

मग मागितलं. दोन ओळी लिहून द्याल का?

मागे कुठेतरी खडी टाकल्याचा आवाज.

‘बाई, तुमी न्हाई, ह्ये मला कळलंय. त्या दिशीच कळलं हुतं. तुमी पाणी दिलं तवा.’

मग द्या ना लिहून.

‘तोंडानं ईन आन् सांगन. सायबाफुडं सांगन. पर लिहून न्हाई देत. कागदाचं काय हुतंय ते तुमच्याच दारात बघितलं म्या.’

त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. अमोलच्या वेळीही मी असंच म्हटलं होतं, त्याच्या जागी मी असते तर, आणि दिलं होतं.

९ मार्च, रविवार

उद्याचे कागद: अर्जाची पोच, बँकेचा उतारा, स्क्रीनशॉट, शाळेचं ओळखपत्र. आणि चौकशीला ओळख म्हणून आधारची झेरॉक्स लागते, नोटिशीतच लिहिलंय. काढली. आडवं लिहिलं, फक्त अमुक पो. स्टे.ला चौकशीसाठी, तारीख, सही. इतकं लिहिलं की माझा चेहरा अर्धा झाकला गेला. दिलीप म्हणाला, साहेब म्हणेल नीट दिसत नाही. म्हटलं, न दिसू दे.

रेडकर काकी संध्याकाळी आल्या. वाटीत सोलकढी. उंबऱ्यातच उभ्या. ‘उद्या जातंस ना? सांभाळून जा गो.’ आत या म्हटलं. नाही आल्या. वाटी उद्या दे म्हणाल्या.

१० मार्च, सोम

इथे बाकावर बसून लिहितेय, पो. स्टे.च्या व्हरांड्यात. अकराचे साडेबारा झाले. साहेब कुठे बंदोबस्ताला गेलेत. दिलीप पाणी आणायला गेलाय. मोरे अजून आले नाहीत. फोन लागत नाही. बांधकामावर असतील. किंवा नसतील.

समोर तीन-चार जण उभे. एकीच्या हातात पोलिथिनमध्ये घातलेला कागद. मघापासून बघतेय ती. कागदाकडे, मग माझ्याकडे, मग परत कागदाकडे. माझ्याच वयाची. पायात रबरी चपला, लांबून आलेली दिसते.

मी सरकून बाकावर जागा केली. म्हटलं, बसा ना.

ती अजून उभीच आहे.